सूर्यास्तानंतरचा पंप

१. कड्याखाली

पौष पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचदरीच्या मोहळकड्याखालची जमीन दिसत नव्हती. तिच्यावर तपकिरी-काळा थर पसरला होता आणि तो जागोजागी किंचित हलत होता. जवळ गेल्यावर उमगत होते, की या आग्या मोहोळाच्या माश्या आहेत. बहुतेक मेलेल्या होत्या. काही उताण्या पडून पाय झाडत होत्या.

वर बालाघाटाचा तो काळा, पुढे झुकलेला कडा. दिवाळी सरली की कुठून तरी आग्या माश्यांचे थवे यायचे आणि दरवर्षी त्याच कपारींना पोळी धरायचे. एकेक पोळे बैलगाडीच्या चाकाएवढे. जिवंत मोहोळाचे मेण कधी दिसत नाही. दिसतो तो माश्यांचा दाट पडदा, आणि कुणाची चाहूल लागली की त्या पडद्यावरून वरून खाली एक लाट सळसळत जाते. चिंचदरीची माणसे कड्याखालून जाताना बिडी विझवत आणि आवाज खाली आणत. त्या सकाळी मात्र शेतांकडच्या बाजूची कितीतरी पोळी उघडी पडली होती. पांढरे मेण उन्हात दिसत होते आणि पाहणाऱ्यांना कुणाचे हाड उघडे पडल्यासारखे वाटत होते.

तशाच मेलेल्या माश्या खाली सोमलिंगाच्या करडईत सापडल्या. सरीसरीत, फुलांखाली, मागच्या पायांना केशरी परागाच्या गोळ्या तशाच चिकटलेल्या. म्हणजे कामावर असतानाच त्या पडल्या होत्या. गावात फवाऱ्याचा पंप एकच, आणि तो सोमलिंगाच्या हवाली होता.

पोलीस पाटील महालिंगप्पांनी ठाण्याच्या अमीनसाहेबांकडे निरोप धाडला आणि सोमलिंगाला चावडीत बसवले. अमीनसाहेब दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. अपराध शाबीत झाला तर सहा महिन्यांची कैद होती. करडई तोवर माव्याने खाऊन टाकली असती, आणि मागे त्याची बायको इरम्मा एकटी उरली असती.

शिवलिंगप्पांची छकडागाडी गावात शिरली ती याच वेळी. ते शेतकी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. तंत्रविद्यालयात शिकलेले, बोलणे मोजके. शाकंभरीचा उत्सव आटोपून तुळजापूरहून परतताना जुन्या ओळखीने पाटलांकडे पाणी प्यायला थांबले होते. तंबाखू भिजवून, त्यात साबण कालवून माव्यावर मारायचे पाणी कसे करावे, हे चिंचदरीला त्यांनीच शिकवले होते. त्यांनी वाकून एक मेलेली माशी उचलली, तळहातावर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"पाटील," ते म्हणाले, "हिचे पंख दवाने भिजलेले आहेत. पण अंगाला वास तंबाखूचा आहे."

२. पाटलांचा नियम

चिंचदरीत एक नियम होता, आणि तो महालिंगप्पांचा होता.

आदल्या वर्षी भर दुपारी पंप चालला होता. कड्यावरच्या माश्या मेल्या, घरांच्या भिंतींतल्या सातेरी माश्या मेल्या, आणि मागाहून काकडी, भोपळा, दोडका यांच्या वेलांवर फुले आली ती तशीच गळून गेली. फळ धरेना. तेव्हा पाटलांनी सगळ्या गावाला चावडीत बसवून ठराव केला: पीक फुलावर असताना सूर्य मावळल्याशिवाय पंप उचलायचा नाही. तहसीलदारांची मोहोर आणून त्यांनी तो ठराव कायद्याच्या ताकदीचा केला. अशी बंदी आसपासच्या कुठल्याच गावात नव्हती, आणि पाटलांना तिचा अभिमान होता.

"आन ही बंदी म्या हवेतनं काढली न्हाय, अप्पा," ते शिवलिंगप्पांना म्हणाले. "पार्वतम्माच्या भिंतीत सातेरीचं पोळं हाय. तिच्या दारात बाज टाकून बसलो. दिवस कलला की माशी आत. दिवस बुडाला की भोकात एक दिसंल तर शपथ. ती निघती ते सकाळी ऊन पडल्यावर. तोवर तुमच्या तंबाखूचा जोर उडून जातो, हे तुमीच सांगितलेलं."

"ते खरे आहे. उघड्यावर तो जोर रात्रीतून उडतो."

"मग? घरात निजलेली माशी शेतात मरंल कशी? पंप दिवसा चालला. परवापासनं निम्मं गाव तुळजापूरला गेलेलं, कोण बघतंय म्हणून ह्यानं हात धुवून घेतला. सरळ हाय."

"सरळ आहे," शिवलिंगप्पा म्हणाले. "म्हणूनच जरा थांबतो."

चावडीच्या कोपऱ्यात सोमलिंग घोंगडी लपेटून बसला होता. तिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा माणूस. दारात इरम्मा उभी होती. तिला कुणी बस म्हटले नव्हते आणि ती जा म्हटल्याने जाणारही नव्हती.

"अप्पा, बसवण्णाची आण घेऊन सांगतो," सोमलिंग म्हणाला, "चांद वर आल्यावरच म्या पंप उचलला. ही पाणी भरून देत हुती. घटकाभर चाललं, मग तंबाखूनं डोकं गरगरायलं म्हणून थांबलो."

"पौर्णिमेलाच का? मावा तर आधीपासून होता."

सोमलिंगाने पाय पुढे करून काट्यांचे ओरखडे दाखवले. "करडईत अंधारात शिरून बघा की, अप्पा. दिवसा पायाला पोतं गुंडाळून शिरतो तरी काटे मांडीपतोर लागतात. एका हातात दांडा, एका हातात नळी. कंदील काय दातात धरू? लढाई थांबली, पण रॉकेलचं रेशन कुठं थांबलंय. म्हणून आठ दिस वाट बघितली चांदण्याची."

"माश्या दिसल्या का पिकात?"

"तोंडाला फडकं, डोळ्यांतनं पाणी. काई दिसत न्हवतं."

"ऐकू आलं काही?"

सोमलिंगाने घोंगडी आणखी ओढून घेतली. उत्तर दारातून आले.

"आलं," इरम्मा म्हणाली. "लांबनं संबळ वाजावा तसं. म्या म्हनलं, तुळजापूरची माणसं परतल्यात."

"माणसं तर आज सकाळी परतली," पाटील म्हणाले. मग त्यांची नजर सोमलिंगावर खिळली. "काय रे, आल्यापासनं उजवा हात घोंगडीच्या आत कशाला धरलास? बाहेर काढ."

"काटा लागलाय."

"काढ बाहेर."

हात बाहेर आला. मनगटापासून बोटांपर्यंत तो सुजून तकतकीत झाला होता, आणि अंगठ्याच्या बुडाशी आग्या माशीची काळी नांगी अजून रुतलेली होती.

३. भिंत आणि कडा

"आता आणखी काय पाहिजे?" पाटील बाहेर आल्यावर म्हणाले. "माशी चावती दिवसा. ह्याला चावली. खोटंबी बोलला."

"खोटे बोलला हे पक्के. चावली हेही पक्के. दिवसा चावली, हे आपण मागाहून जोडले," शिवलिंगप्पा म्हणाले. "कड्यावरच्या माश्या मरण्यात आणखी कुणाचा फायदा आहे?"

पाटलांनी दोन नावे घेतली, आणि दोन्ही घेताना त्यांना फारसे वाईट वाटल्याचे दिसले नाही.

पहिली पार्वतम्मा. तिचा बैल गेल्या साली आग्या मोहोळाने फोडून मारला होता, आणि कड्याला आग लावीन असे ती पारावर उभी राहून बोलली होती. तिचे घर सोमलिंगाच्या शेताला लागून. ती अंगणात हरभरा निवडत बसली होती आणि पाटलांना पाहून उठली नाही.

"या पाटील. बाज टाकू का?"

"पाव्हणे आलेत, नीट बोल."

"नीटच बोलले की. गेल्या साली महिनाभर माझ्या दारात बसून भिंत बघत हुता. म्या म्हनलं, मागणी घालतात का काय भिंतीला."

शिवलिंगप्पांनी हसू आवरले. "पार्वतम्मा, बैलाचा राग आहे ना अजून?"

"हाय. का नसावा? लेकरागत बैल." तिने सूप बाजूला ठेवले. "पण मारायचं असतं तर म्या कड्याखाली धूर केला असता. सोमलिंगाच्या करडईत माश्या मारून माझ्या बैलाचं काय फिटलं? आन माझी माशी त्याच करडईत जाती. तिला मारीन व्हय म्या?"

"तुमची माशी? ती मेली नाही?"

"मेली असती तर पाटील पुन्ना येऊन बसले नसते का? बघा की तिकडं."

मातीच्या भिंतीत, कोनाड्याशेजारी, बोटभर भोक होते. त्यातून सातेरी माश्या बाहेर पडत होत्या आणि परतत होत्या, आठवडी बाजारातल्या माणसांसारख्या, एकमेकींना धक्के देत. शिवलिंगप्पा भिंतीशी उकिडवे बसले. परतणाऱ्या प्रत्येक माशीच्या मागच्या पायांवर केशरी पराग होता, करडईचा. सकाळी तळहातावर घेतलेल्या मेलेल्या माशीच्या पायांवर होता तोच.

ते इतका वेळ तसेच बसून राहिले, की पार्वतम्मा म्हणाली, "ह्यांनाबी बाज लागती वाटतं."

दुसरे नाव बिरदेवाचे. कड्यावरचा मध काढण्याचा हक्क त्याच्या घराण्याचा. माश्या मेल्या की मध बिनधोक मिळतो, असा पाटलांचा हिशेब. बिरदेव पिंपळाखाली अंबाडीचा दोर वळत होता. साठीचा, पण खांद्याचे स्नायू दोरासारखेच पिळदार.

"मेल्या मोहोळाचा मध कोण खातंय?" तो म्हणाला. "आन पोळं रिकामं झालं तर पुढल्या साली म्या काय दगड चाटू?"

"या साली मध कधी काढलास?"

"येळवसंच्या आवसंला. रानात अंबिल सांडून झालं, काळोख पडला की चढलो. आमचं सारं काम आवसंच्या आगंमागं."

"चांदण्यात का नाही? पाय ठेवायला दिसेल तरी."

"चांदण्यात कड्याला हात लावीत न्हाय आमी. आजा, पणजा, कुणीच न्हाय."

"चिडतात म्हणून," पाटील मध्येच म्हणाले.

"चिडतात त्या अंधारातबी," बिरदेव शांतपणे म्हणाला. "चांदण्यात पडदा पातळ असतो. निम्मी माशी पोळ्यावर नसतीच. दोरावर लोंबकळताना ती कुठनं अंगावर येईल, कळत न्हाय."

"पोळ्यावर नसते तर कुठे असते?"

बिरदेवाने दोर ताणून पाहिला. "ते म्या कशाला बघू? त्या वक्ताला आमी घरात असतो."

४. कडूबाईचा पाय

दिवस कलू लागला तेव्हा शिवलिंगप्पा सोमलिंगाच्या करडईच्या बांधावर उभे होते. सारे शेत केशरी होते. वाऱ्याने काट्यांचा कोरडा खरखराट होत होता आणि त्या खरखराटावर सातेरी माश्यांचा बारीक आवाज तरंगत होता. सरीत त्यांच्याच आग्या बहिणी मरून पडलेल्या होत्या. सातेरी मात्र बिनघोर फुलांवर उतरत होत्या.

बांधावरून शेळ्या घेऊन एक म्हातारी लंगडत आली. ती कडूबाई, गावच्या शेळ्या राखणारी. पाय फडक्याने बांधलेला.

"काय लागलं, आजी?"

"माशी चावली. मेलेली." ती या गोष्टीवर रागावलेली होती. "जित्या माशीनं चावावं, ते समजतं."

"कुठे? कधी?"

"ह्या इथंच. आज लेकीला बाजरी द्यायला निघाले, दिस उगवायच्या आदी. चांद मावळतीला हुता. पायात बारीक आग झाली, म्हनलं करडईचा काटा. बघते तर नांगी."

शिवलिंगप्पांनी खाली पाहिले. बांधावर पावलागणिक मेलेल्या माश्या होत्या. अनवाणी माणूस त्या चुकवून जाऊच शकला नसता.

"आणि त्याआधी या वाटेने कधी आला होता?"

"आदल्या सांजेला. रोजच येते की. शेळ्या घेऊन, दिवे लागताना."

"अनवाणी?"

"मग काय बूट घालून?"

"तेव्हा चावली नाही?"

"न्हाय. काईच न्हवतं वाटेवर. एक बकरी बी थबकली न्हाय." तिने शेळ्यांकडे हात केला. "आज बघा, पाऊल टाकंनात."

ती गेली. पाटील मागून आले होते आणि त्यांनी सगळे ऐकले होते.

"कुणी तरी रातच्याला मेलेल्या माश्या आणून टाकल्या," पाटील अखेर म्हणाले, पण त्यांच्या आवाजातला जोर कमी झाला होता.

"पायांवर पराग घेऊन? दवाखाली? आणि हात सुजवून घेतला सोमलिंगाने?" शिवलिंगप्पा हळू बोलत होते, एकेक वीट बसवावी तसे. "दिवे लागताना बांध स्वच्छ होता. उजाडायच्या आत तो माश्यांनी भरला. म्हणजे त्या रात्री पडल्या. दिवसा पंप चालला असता तर पार्वतम्माच्या भिंतीतल्या माश्याही मेल्या असत्या. गेल्या साली मेल्या होत्या. त्या याच फुलांवर जातात, आणि त्यांतली एकही मेलेली मला सापडली नाही. म्हणजे दिवसा या शेतात विष नव्हते. मेल्या त्या फक्त कड्यावरच्या. आणि कामावर असताना."

"रातच्याला? कामावर?"

"हो."

"अप्पा, माशीला अंधारात दिसतं व्हय?"

"अंधारात नाही," शिवलिंगप्पा म्हणाले. त्यांनी मावळतीकडे पाहिले. "आज प्रतिपदा. दिवस बुडाल्यावर थोडा वेळ काळोख राहील, मग चंद्र येईल. बिरदेवाला बोलवा. आणि पाटील, अंगावर काळी घोंगडी घ्या. बिडी घरी ठेवा."

५. चंद्र

कड्यासमोर दरीच्या अलीकडच्या अंगाला एक मोठी शिळा होती. तिघे तिच्या आडोशाला बसले. पश्चिमेची लाली विझली, समोरचा कडा आधी करडा झाला, मग काळ्यात काळा मिसळून दिसेनासा झाला. आवाज नव्हता. एवढ्या थोरल्या वस्तीचा साधा हुंकारही नव्हता.

"निजल्या," पाटील कुजबुजले. "आमच्या पाटलीणबाईच्या आदी."

शिवलिंगप्पांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग मागच्या माळावर उजेड फुटला. चंद्र दिसण्याआधी त्याचा प्रकाश समोरच्या कड्याच्या माथ्याला लागला आणि हळूहळू खाली उतरू लागला, भिंतीवरून पडदा सोडावा तसा. काळा दगड राखाडी झाला. वरच्या कपारीतले पहिले पोळे दिसू लागले. उजेड त्याच्या वरच्या काठाला शिवला.

पोळ्यावरून एक लाट गेली.

आधी ती इतकी मंद होती, की डोळ्यांचा भास वाटावा. मग दुसरी गेली, तिसरी गेली. पडद्याची खालची कड उसवल्यासारखी झाली आणि तिच्यातून एक बारीक धागा सुटून हवेत आला. धाग्याचा झाला दोर, दोराचा झाला ओघ. उजेड खाली सरकत होता, आणि ज्या पोळ्याला तो शिवेल ते पोळे जागे होत होते. आधी वरची रांग, मग मधली, मग खालची. एकाही पोळ्याने आपली पाळी चुकवली नाही. कुणीतरी देवळातल्या दीपमाळेवर चढून एकेक पणती लावत जावे, तसा तो कडा पेटत गेला, फक्त उलटा, वरून खाली, आणि ज्योतींच्या जागी पंख होते.

आवाज नंतर आला. इरम्मा म्हणाली होती तसाच. लांबून संबळ वाजावा तसा, पण तो कानांना कमी आणि छातीला जास्त लागत होता. तो ओघ त्यांच्या डोक्यांवरून गेला. चंद्राच्या बिंबासमोरून जाताना प्रत्येक माशी क्षणभर वेगळी दिसे, पंख चांदीचे, आणि लगेच पुढचीत मिसळून जाई. सगळ्या खाली उतरत होत्या, दरीतून, ओढ्यावरून, करडईच्या शेतांकडे. करडईची फुले दिवसा जशी उघडी होती तशीच रात्रीही उघडी होती.

शिवलिंगप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. कधी काढली, ते त्यांनाही सांगता आले नसते. ज्या विद्येवर त्यांचे आयुष्य गेले तिच्यात हे कुठेच शिकवले नव्हते, आणि तरी ते त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून, प्रत्येक चांदण्या रात्री, या कड्यावर घडत आले होते.

"आमच्या सात पिढ्या ह्या कड्यावर," बिरदेव अगदी हळू म्हणाला. "आन म्या आज बघितलं."

बऱ्याच वेळाने पाटलांनी घोंगडी डोक्यावरून मागे सारली.

"म्या भिंतीतली माशी बघितली," ते म्हणाले, "आन कड्यावरच्या माशीला कायदा लावला."

"तुमच्या नियमात वाईट हेतू नव्हता. भिंतीतल्या माशीला तो अजूनही उपयोगाचा आहे."

"सोमलिंगानं नियम पाळला म्हणून त्या मेल्या."

"हो. दिवस मावळेपर्यंत थांबला, म्हणून पंप रात्रीवर गेला. काटे दिसावेत म्हणून रात्र चांदण्याची निवडली. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या होत्या. एकत्र आल्या आणि घात झाला. हात सुजला तेव्हा त्याला कळले, की ही सूज दाखवली तर कुणी रात्रीची म्हणणार नाही. म्हणून काट्याचे खोटे सांगितले."

खाली दरीत तो हुंकार दूर जात होता.

"उद्या अमीन येतील," शिवलिंगप्पा म्हणाले. "मी या गावचा कुणी नाही. माझ्या सांगण्याने तक्रार मागे जाणार नाही. तक्रार तुमची आहे."

उतरताना वाटेभर पाटील दोघांच्या पुढे चालत राहिले.

६. चावडी

अमीनसाहेब दुपारी घोड्यावरून आले. मेहंदी लावलेली दाढी, डोळ्यांत प्रवासाची धूळ. चावडीत गाव जमले होते. सोमलिंग उभा होता. सूज उतरली नव्हती. इरम्मा कालच्याच जागी, दारात.

"हाँ, पटेल," अमीन म्हणाले. "मुलजिम यही है?"

महालिंगप्पा उठले. त्यांनी फेटा सारखा केला. काल जे तावातावाने बोलत होते ते तेच गृहस्थ आहेत की नाहीत, असे लोकांना वाटावे इतका वेळ ते उभे राहिले. शिवलिंगप्पा खांबाला टेकून बसले होते आणि पाटलांकडे पाहत नव्हते.

"साहेब, माश्या ह्याच्याच पंपानं मेल्या," पाटील म्हणाले.

इरम्माने दाराची चौकट धरली.

"पण पंप ह्यानं दिवस बुडाल्यावरच चालवला. माझ्या ठरावाप्रमाणं. आग्या माशी चांदण्यात चारा आणायला निघती, हे मला ठाऊक न्हवतं. ठरावात चूक हाय. ठराव माझा हाय. म्या खोटी तक्रार केली असं लिवायचं असंल तर लिवा."

अमीनांनी पाटलांकडे पाहिले, सोमलिंगाकडे पाहिले, मग शिवलिंगप्पांकडे. "रात को मख्खी उडती है?"

"चांदनी में, साहब. फक्त कड्यावरची. काल आम्ही तिघांनी पाहिले. आज चंद्र आणखी उशिरा येईल; थांबलात तर आपल्यालाही दिसेल."

"तो फिर मैं किसकू लेके जाऊँ? चाँद कू?"

चावडीत कुणीतरी हसले आणि लगेच थांबले. अमीनांनी दाढीवरून हात फिरवला. "पटेल, घोडा थका हुआ है. चाय पिलाओ. रात को देखेंगे, तुम्हारी मख्खियाँ सच बोलती हैं या तुम."

त्या रात्री ते शिळेआड बसले. काय पाहिले, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. सकाळी घोड्यावर बसताना सोमलिंगाकडे वळून एवढेच म्हणाले, "हाथ पे हलदी लगा," आणि एकटेच गेले.

७. काळोख

नवा ठराव त्याच आठवड्यात झाला. पीक फुलावर असताना दिवसाही नाही आणि चांदण्यातही नाही. पुढच्या सालापासून कळी फुटायच्या आधीच मावा बघायचा आणि तेव्हाच पंप चालवायचा. पण या सालच्या फुलांवर मावा चढतच होता. सोमलिंगाच्या अर्ध्या शेताची पाने चिकट होऊन वळली होती. उरले होते ते काळोखाचे दिवस, आणि काळोखात करडईत शिरायचे कसे, हा प्रश्न जिथल्या तिथे होता.

"कंदील न्हाय चालायचा," बिरदेवाने आधीच सांगून टाकले. "उजेड दिसला की आग्या त्याच्यावरच येतं. बत्तीपाशी जळून मरंल, न्हायतर माणसाला मारंल."

तोड काढली ती इरम्माने, आणि ती काही विचार करून काढली नव्हती. अमावास्येच्या अलीकडच्या सांजेला, दिवसाचा शेवटचा उजेड गेल्यावर, ती सरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि नवऱ्याशी बोलू लागली. "इत्त बा," ती म्हणाली, कानडीत, इकडे ये. "इत्त बा. सरळ. इत्त बा." सोमलिंग पायांना पोते गुंडाळून, डोळे असून नसल्यासारखा, त्या आवाजाच्या रोखाने चालू लागला. पंपाचा दांडा वर-खाली होत होता. तो वाकडा गेला की काटे मांडीला लागत, आणि आवाज त्याला पुन्हा सरीत आणी.

एका माणसाचे ते काम नव्हते. एकेक सरी संपली की इरम्माला काट्यांतून पुढच्या टोकाला जावे लागे. तिसऱ्या सरीच्या वेळी तिला शेजारी कुणाची तरी चाहूल लागली.

"पुढली म्या धरतो," महालिंगप्पा म्हणाले. "त्याला काय सांगायचं असतं?"

"काईबी बोला, पाटील. थांबू नका, एवढंच."

पाटलांनी घसा खाकरला. काळोखात उभे राहून काय बोलावे, हे त्यांना सुचेना. मग त्यांनी ठरावच म्हणायला सुरुवात केली, जुना नव्हे, नवा, पहिल्या शब्दापासून. पलीकडे पार्वतम्मा आली होती; तिने बैलाची कर्मकहाणी सुरू केली. बिरदेव होता, कडूबाई होती. शेताच्या त्या कडेला एकेक माणूस उभा राहत गेला आणि काळोख बोलू लागला. एक आवाज संपला की पुढचा त्याला उचलून घेई. काळोखातली ही फवारणी पाहायला शिवलिंगप्पा खास गाडी जुंपून आले होते. त्यांना शेवटची सरी मिळाली, आणि त्यांनी लहानपणी पाठ केलेले पाढे म्हटले.

पुन्हा इरम्माची पाळी आली. "इत्त बा," ती म्हणाली. "इत्त बा." आणि मध्येच थांबली.

सोमलिंग सरीत जागच्या जागी उभा राहिला. पंपाचा दांडा थांबला. चहूकडे काटे होते आणि त्याला आपला हातही दिसत नव्हता. कडेचे सगळे आवाज एकामागून एक बंद झाले.

"काय झालं?" पाटलांनी विचारले.

"ऐकते," इरम्मा म्हणाली.

सगळ्यांनी ऐकले. कड्याच्या दिशेने काहीच येत नव्हते. वर चांदण्या होत्या, दरी काठोकाठ काळोखाने भरलेली होती, आणि त्या काळोखात कुठेतरी वर, दगडाला बिलगून, ते सगळे पंख मिटलेले होते.

"काईच न्हाय," ती म्हणाली, आणि मग पुन्हा, सरीच्या टोकावरून, "इत्त बा."